सिल्वासाच्या छपरांचा उतार : पावसाचा हिशेब आणि उन्हाचा हिशेब

दादरा आणि नगर हवेलीचे मुख्य ठिकाण असलेले सिल्वासा विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे २०.२७ अंशांवर आहे, आणि सह्याद्रीच्या पश्चिम पायथ्याशी, दमणगंगेच्या खोऱ्यात वसल्यामुळे तेथे वर्षाकाठी साधारण २००० ते २५०० मिलिमीटर पाऊस पडतो. यांतील पहिला आकडा सूर्याच्या वाटेशी बांधलेला आहे, तर दुसरा ढगांशी. आणि या मुलखात छपराला उतार किती द्यावा हे पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्या आकड्याने ठरवले. सौर पॅनेले आल्यापासून पहिला आकडाही त्यात बोलू लागला. पॅनेल आडव्या पातळीशी जो कोन करून बसवले जाते त्याला कल-कोन म्हणतात, आणि तो किती असावा असे विचारले की ‘गावाच्या अक्षांशाइतका’ हे उत्तर सर्रास दिले जाते. हे उत्तर चुकीचे नाही. पण ते कोठून आले, सिल्वासासारख्या पावसाळी गावात ते कितपत लागू पडते आणि प्रत्यक्ष छपरांवर त्याचे काय होते, हे पाहिले तर कोनाच्या एका आकड्यामागे बराच मोठा इतिहास उभा असल्याचे दिसते.

त्या इतिहासातला पहिला उतार पावसाने घडवलेला आहे. या प्रदेशातील वारली घर कारवीच्या कुडाचे असते. कुडावर माती आणि शेणाचा लेप असतो आणि वर गवताने किंवा पानांनी शाकारलेले छप्पर असते. गवत हे पाणी अडवणारे साहित्य नाही, ते पाणी वाहून नेणारे साहित्य आहे. थेंब एका काडीवरून दुसरीवर घसरत वळचणीपर्यंत पोहोचला पाहिजे आणि वाटेत कोठेही मुरता कामा नये, म्हणून अशा छपराची पाखे उभट, साधारण पंचेचाळीस अंशांच्या आसपास ठेवावी लागतात. जेथे ऐपत होती तेथे कौले आली, आणि कौल स्वतः पाणी शोषून धरत नसल्यामुळे उतार कमी झाला. साहित्य जितके अभेद्य तितका उतार सौम्य, हा नियम घरे बांधणाऱ्यांना कोणी लिहून दिलेला नव्हता, पण तो त्यांच्या हातांना पक्का ठाऊक होता. १७ डिसेंबर १७७९ च्या तहान्वये पेशव्यांनी पोर्तुगिजांना पकडलेल्या जहाजाच्या भरपाईपोटी बारा हजार रुपये वसुलाची गावे देऊ केली, १७८३ मध्ये नगर हवेली आणि १७८५ मध्ये दादरा त्यांच्या हाती गेले, आणि १८८५ मध्ये कारभाराचे ठाणे सिल्वासाला आले. पण राज्यकर्ते बदलले तरी छपरांवरचा पावसाचा अंमल तसाच राहिला.

उन्हाचा हिशेब मात्र त्याच काळात वेगळ्या लोकांकडे चालू होता, आणि तो छपरांसाठी नसून पंचांगासाठी होता. भारतीय ज्योतिषात बारा अंगुळे उंचीचा शंकू, म्हणजे सरळ उभी केलेली काठी, सपाट जमिनीवर ठेवून तिची सावली मोजण्याची पद्धत फार जुनी आहे. शंकूभोवती वर्तुळ काढायचे, सकाळी सावलीचे टोक वर्तुळाच्या आत शिरते तेथे आणि दुपारनंतर बाहेर पडते तेथे खुणा करायच्या, आणि त्या दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. दिवस आणि रात्र समान असतात त्या विषुवदिनी माध्यान्ही पडणाऱ्या सावलीच्या लांबीला पलभा म्हणतात. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली रचलेल्या ‘ग्रहलाघव’ या ग्रंथाच्या आधारे महाराष्ट्रातील पंचांगे शतकानुशतके तयार होत आली, आणि गावोगावच्या सूर्योदयाचे गणित करताना त्या त्या गावची पलभा लागतच असे. मराठी पंचांगांना ती आजही परकी नाही.

सिल्वासाची पलभा गणिताने सुमारे ४.४३ अंगुळे येते, म्हणजे ४ अंगुळे आणि २६ व्यंगुळे (साठ व्यंगुळांचे एक अंगुळ). या आकड्याचे मोल पॅनेलच्या संदर्भात लगेच कळते. विषुवदिनी माध्यान्हीचा किरण ज्या पृष्ठभागावर अगदी काटकोनात पडेल त्या पृष्ठभागाचा कल अक्षांशाइतका असतो, आणि त्या कलाचे चढाव व पाया यांचे गुणोत्तर नेमके पलभा आणि शंकू यांच्या गुणोत्तराइतके असते. अर्थात, १२० सेंटिमीटर पायाच्या चौकटीचा उत्तरेकडील पाय दक्षिणेकडील पायापेक्षा सुमारे ४४ सेंटिमीटर उंच ठेवला, की तीवर बसवलेले पॅनेल सिल्वासाच्या अक्षांशाच्या कलावर आलेच. कोनमापकाची गरज उरत नाही. सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात उभारलेल्या सम्राट यंत्रांच्या, म्हणजे दगडी सूर्यघड्याळांच्या, तिरप्या भिंतीही त्या त्या गावच्या अक्षांशाइतक्याच कलल्या आहेत, कारण त्या पृथ्वीच्या अक्षाला समांतर आहेत, आणि अक्षांशाइतके कललेले दक्षिणमुखी पॅनेलही वर जाताना त्याच अक्षाची दिशा धरते. ‘अक्षांशाइतका कल’ हे पाश्चात्य अभियांत्रिकीने दिलेले नवे सूत्र मानले जाते, पण त्याची भूमिती या देशात दगडात बांधलेली होती आणि पंचांगाच्या कोष्टकात छापलेली होती, हे आवर्जून सांगितले पाहिजे.

विषुवदिन वर्षातून दोनदाच येतो, आणि इतर दिवशी सूर्य या मधल्या वाटेपासून उत्तरेला किंवा दक्षिणेला सरतो. या सरकण्याच्या कोनाला क्रांती म्हणतात आणि ती जास्तीत जास्त सुमारे २३.४४ अंश होते. सिल्वासा कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे तेथे एक विशेष गोष्ट घडते. डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्याच्या सुमारास माध्यान्हीचा सूर्य दक्षिण क्षितिजापासून केवळ ४६ अंशांवर असतो. पुढे तो चढत जातो, मे महिन्याच्या २१-२२ तारखेच्या सुमारास अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली नाहीशी होते. त्यानंतर सुमारे दोन महिने माध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडे असतो, आणि जुलैच्या २१-२२ तारखेला पुन्हा डोक्यावरून दक्षिणेकडे परततो. म्हणजे दक्षिणेकडे तोंड केलेले पॅनेल जूनमधल्या दुपारी सूर्याकडे काहीशी पाठ फिरवून असते. हे खटकणारे वाटते, पण त्याचे निराकरण ढगांमध्ये आहे, आणि ते समजायला माणसांना बरीच वर्षे लागली.

पश्चिम किनाऱ्यावर उन्हाला कामाला लावण्याचा पहिला गंभीर प्रयत्न सिल्वासाच्या दक्षिणेस मुंबईत झाला. मुंबई उच्च न्यायालयाचे उपनिबंधक विल्यम ॲडम्स यांनी फ्रान्समधील ओगुस्तँ मूशो यांच्या सौरयंत्रांची माहिती वाचून कुलाब्यात स्वतःचे प्रयोग सुरू केले, आणि मूशोच्या महागड्या वक्र परावर्तकाऐवजी साध्या सपाट आरशांची मांडणी करून बाष्पित्र तापवले व त्यावर पाण्याचा पंप चालवून दाखवला. उष्ण देशांत जळणाऐवजी सूर्याची उष्णता वापरावी असे मांडणारे त्यांचे पुस्तक १८७८ मध्ये मुंबईतच प्रसिद्ध झाले. त्यांनी केलेली सौरचूल जानेवारीत सात सैनिकांचे जेवण दोन तासांत शिजवत असे. ॲडम्स यांच्या यंत्रात सूर्याचा पाठलाग करण्यासाठी आरशांची चौकट सतत हलवावी लागे आणि तेवढ्यासाठी माणूस उभा ठेवावा लागे. कल-कोनाचा प्रश्न त्यांना पडला नाही, कारण त्यांचे यंत्र कधी स्थिर नव्हतेच. स्थिर ठेवायचे तर कोणत्या कोनात, हा प्रश्न उपकरण स्वस्त, हलके आणि दुर्लक्ष करण्याजोगे झाल्यावरच उभा राहतो.

तसे उपकरण १९५४ मध्ये आले. त्या वर्षी २५ एप्रिल रोजी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने सिलिकनच्या सौरघटाची घोषणा केली. सूर्यप्रकाशाच्या सुमारे सहा टक्के ऊर्जेचे तो थेट विजेत रूपांतर करत होता. त्यानंतर शंभर दिवसांच्या आत सिल्वासाचा इतिहास बदलला : २२ जुलैला दादरा, पुढे नरोली आणि २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा स्वातंत्र्यसैनिकांनी मुक्त केले, आणि त्या लढ्यात सुधीर फडके, राजा वाकणकर, बाबासाहेब पुरंदरे अशी महाराष्ट्राला जिव्हाळ्याची माणसे उतरली होती. दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. पण मुक्त झालेला हा भूभाग ११ ऑगस्ट १९६१ रोजी भारतात रीतसर विलीन झाला आणि पुढे उद्योगांच्या मार्गाला लागला, आणि त्या उद्योगांच्या छपरांवर अखेर तोच सिलिकन चढला, म्हणून दोन्हींची नोंद शेजारी करणे योग्य ठरते.

कल-कोनाच्या अभ्यासाला खरी दिशा मिळाली ती मोजमापांमुळे, आणि त्या मोजमापांचे केंद्र पुणे होते. भारतीय हवामानशास्त्र विभागात अॅना मणी यांनी आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाच्या, म्हणजे १९५७-५८ च्या निमित्ताने सूर्यप्रारण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभारले. पायरॅनोमीटर, म्हणजे आकाशाच्या संपूर्ण गोलार्धातून आडव्या पृष्ठभागावर येणारी ऊर्जा मोजणारे उपकरण, परदेशातून आणत बसण्याऐवजी येथेच बनवावे आणि प्रत्येकाची अचूकता एकमेकांशी पडताळावी, यावर त्यांचा कटाक्ष होता. या नोंदींतून त्यांचे भारतातील सौर प्रारणाच्या आकडेवारीचे हस्तपुस्तक १९८० च्या सुमारास आणि एस. रंगराजन यांच्यासह लिहिलेला ग्रंथ १९८२ मध्ये आला. सिल्वासाला केंद्र नव्हते. पण मुंबई, पुणे, अहमदाबाद आणि भावनगर येथे होती, आणि त्यांच्या आकड्यांमधून या टापूतला उन्हाळा-पावसाळा वाचता येत होता. चांगले मोजमाप नसते तर कल-कोनाविषयीची सगळी चर्चा भूमितीच्या वहीतच राहिली असती. या क्षेत्रात अॅना मणी यांचे ऋण पॅनेल बसवणाऱ्या प्रत्येकावर आहे.

आडव्या पृष्ठभागावर मोजलेल्या ऊर्जेवरून तिरप्या पृष्ठभागावर किती ऊर्जा पडेल हे काढण्याची रीत अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातील बेंजामिन लिऊ आणि रिचर्ड जॉर्डन यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी घालून दिली. तिचा गाभा असा, की पॅनेलवर येणारा प्रकाश दोन प्रकारचा असतो : सूर्यापासून सरळ रेषेत येणारे थेट प्रारण, आणि ढग, धूळ व हवा यांनी विखुरल्यामुळे साऱ्या आकाशातून येणारे विसरित प्रारण. थेट प्रारणाला पॅनेलचा कल फार महत्त्वाचा असतो. विसरित प्रारणाला मात्र पॅनेलला किती आकाश दिसते एवढेच कळते, आणि वीस अंशांच्या कलानेही त्यातले जेमतेम तीन टक्के आकाश पॅनेलच्या नजरेआड जाते. मुंबईच्या आयआयटीतील प्रा. सुहास सुखात्मे यांच्या १९८४ मधील सौर ऊर्जेच्या पाठ्यपुस्तकातून ही रीत भारतातील अभियंत्यांच्या पिढ्यांनी गिरवली.

ही विभागणी सिल्वासाला लावली की जूनमधल्या पाठमोऱ्या पॅनेलचे कोडे सुटते. ज्या दोन महिन्यांत माध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडे असतो त्यांतील बराच काळ नैऋत्य मोसमी ढगांनी व्यापलेला असतो, थेट प्रारण फार थोडे पोहोचते, आणि विसरित प्रकाशाला पॅनेलच्या दिशेशी फारसे देणेघेणे नसते. उलट ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत आकाश स्वच्छ असते आणि सूर्य दक्षिणेकडे असतो. पाऊस नसता तर या अक्षांशावर उन्हाळ्याच्या लांब दिवसांनी उत्तम कोन अक्षांशाच्या खाली ओढला असता; पावसाळा उन्हाळ्याचा तो वाटा काढून घेतो आणि कोनाला पुन्हा अक्षांशापाशी, किंबहुना किंचित वर आणून सोडतो. म्हणजे सिल्वासात अक्षांशाचा नियम बरोबर ठरतो, पण त्याचे श्रेय निम्मे पावसाला आहे. छपराचा उतार ठरवण्याचा अधिकार पावसाने येथेही पूर्णपणे सोडलेला नाही.

गणित येथवर आले, पण पॅनेले गणितावर बसत नाहीत, ती शेडवर बसतात. १९६७-६८ च्या सुमारास दान उद्योग सहकारी संघाने सिल्वासालगत सहकारी औद्योगिक वसाहतीचा पाया घातला, त्यानंतर सिल्वासा, मसाट आणि खडोली येथे शासकीय वसाहती झाल्या, आणि करसवलतींच्या काळात कृत्रिम धागा, प्लॅस्टिक आणि तत्सम मालाचे कारखाने दाटीने उभे राहिले. बांबूच्या वस्तू आणि मातीची भांडी एवढाच उद्योग असलेल्या मुलखात एका पिढीत पत्र्याचा समुद्र पसरला. जुन्या शेडवर ॲस्बेस्टॉस सिमेंटचे नालीदार पत्रे असत आणि त्यांना साधारण अठरा अंशांचा उतार देण्याचा प्रघात होता. पॅनेलच्या दृष्टीने तो उतार जवळजवळ आदर्श, पण ते पत्रे ठिसूळ, त्यांवर माणसाने पाय ठेवणेही धोक्याचे. नंतरच्या पोलादी शेडवर रंगीत धातूचे पत्रे आले. सांधे पक्के असल्यामुळे पाणी सौम्य उतारावरूनही वाहून जाते, म्हणून दहास एक, म्हणजे ५.७ अंशांचा उतार रूढ झाला. छपराचे साहित्य अभेद्य होत गेले तसा उतार सौम्य होत गेला, आणि तो सर्वांत कमी झाला नेमका त्याच वेळी पॅनेले छपरावर चढू लागली.

अशा शेडवर कारागीर पत्र्याच्या उंचवट्यांवर ॲल्युमिनियमच्या आखूड पट्ट्या बसवतात आणि पॅनेल पत्र्याला समांतर ठेवतात, कारण वीस अंशांचे स्ट्रक्चर उभारले तर वाऱ्याचा उपसणारा जोर खालच्या कैच्यांवर येतो आणि त्या तेवढ्यासाठी बांधलेल्या नसतात. यात तोटा किती होतो? दक्षिणेकडे उतरणाऱ्या पाख्यावर विषुवदिनाच्या माध्यान्ही सुमारे तीन टक्के, एवढाच. कारण काटकोनापासून थोडे ढळल्याने प्रकाशाची घट अगदी हळूहळू होते. खरा फरक पाख्याच्या दिशेने पडतो. उत्तरेकडे उतरणाऱ्या ५.७ अंशांच्या पाख्यावर डिसेंबरच्या माध्यान्ही थेट प्रकाशाचा सुमारे ६५ टक्के भाग उपयोगी पडतो, दक्षिणेकडच्या पाख्यावर ७९ टक्के. आणि जुन्या अठरा अंशांच्या छपराच्या उत्तर पाख्यावर तर निम्म्याहूनही कमी. त्यामुळे कारखान्याचे आढे कोणत्या दिशेला धावते हा प्रश्न अंशांच्या घासाघिशीपेक्षा मोठा आहे, आणि तो पॅनेल येण्याच्या कितीतरी वर्षे आधी भूखंडाच्या आखणीने आणि रस्त्याच्या दिशेने मिटलेला असतो. दिशा तपासताना होकायंत्र लोखंडी शेडवर फसवते, आणि अशा वेळी उभ्या काठीची सावलीच भरवशाची ठरते.

स्लॅबच्या सपाट गच्चीवर कोन निवडण्याचे स्वातंत्र्य असते, पण तेथे दुसरी अडचण उभी राहते. सुमारे २.२ मीटर लांबीचे पॅनेल वीस अंशांवर ठेवले तर त्याची मागची कड पाऊण मीटर उंच होते, आणि डिसेंबरात सूर्य माध्यान्हीच्या तीन तास आधी असताना तिची सावली मागे जवळपास ९५ सेंटिमीटरपर्यंत पोहोचते. तेवढी जागा दोन रांगांत मोकळी सोडावी लागते. तेच पॅनेल दहा अंशांवर ठेवले तर निम्म्या जागेत भागते. एका पॅनेलमागे दीड-दोन टक्के वीज गमावून गच्चीवर अधिक पॅनेले बसवणे बहुधा लाभाचे पडते, आणि म्हणून गच्च्यांवर अक्षांशापेक्षा कमी कोन वारंवार दिसतात. दहाच्या खाली मात्र शहाण्याने जाऊ नये, कारण त्याहून सपाट पॅनेलवर पाणी खालच्या चौकटीशी साचते आणि सुकल्यावर तेथे मातीची पट्टी उरते.

मोकळी जमीन असेल तर हे सारे तडजोडीचे हिशेब सैल होतात. २६ जानेवारी २०२० पासून सिल्वासाशी एकाच केंद्रशासित प्रदेशात आलेल्या दीवमध्ये फुदम येथे खडकाळ जमिनीवर नऊ मेगावॉटचा सौर प्रकल्प उभा राहिला आणि छपरांवरील पॅनेलांच्या साथीने त्या बेटाची दिवसाची विजेची गरज भागू लागली. दीवचा अक्षांश सिल्वासाहून अर्ध्या अंशाइतकाही अधिक नाही, पण तेथे धागा कातणारे कारखाने नाहीत. सिल्वासात दिवस-रात्र चालणाऱ्या यंत्रांची भूक इतकी मोठी आहे, की तेथे सौर वीज बहुतांशी कारखान्याच्या स्वतःच्या वापरातला एक वाटा म्हणूनच राहते.

खानवेल आणि दुधनीकडच्या डोंगराळ गावांत प्रश्नाचे रूप पुन्हा बदलते. सौर कृषिपंपाच्या चौकटीत ऋतूनुसार कल बदलण्याची आणि दिवसातून दोन-तीनदा पॅनेल हाताने फिरवण्याची सोय असते. शेतकऱ्याला जुलै-ऑगस्टमध्ये पंपाची गरज नसते. भाजीपाला, हरभरा, वाल यांना पाणी लागते ते नोव्हेंबरपासून पुढे. थंड देशांत हिवाळ्यात घर तापवण्यासाठी ‘अक्षांश अधिक पंधरा’ असा नियम रूढ आहे. येथे तोच नियम रब्बीसाठी उपयोगी पडतो, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पॅनेल सुमारे पस्तीस अंशांवर उभे केले की पाणी सर्वाधिक मिळते. होळीनंतर ते खाली आणायचे, आणि डोंगराची संध्याकाळची सावली शेतावर लवकर उतरत असेल तर ते थोडे पूर्वेकडे वळवून सकाळचे ऊन धरायचे. यासाठी चौकटीच्या छिद्रांतला बोल्ट काढून दुसऱ्या छिद्रात घालण्याइतकेच काम लागते, आणि ते कधी करायचे हे चौकट उभी करणाऱ्या कारागिराने शेतकऱ्याला त्याच दिवशी दाखवून दिले पाहिजे. कारण बऱ्याच शेतांत बोल्ट पहिल्या दिवशी ज्या छिद्रात बसवला त्याच छिद्रात गंजून जातो.